परतीच्या पावसात गोव्याच्या सत्तरी तालुक्यात तंबू टाकणार असशील तर

दसऱ्याच्या सुमारास सत्तरीत एक रात्र काढायचा बेत छानच आहे, पण परतीचा पाऊस अजून गेलेला नसतो हे धरूनच निघ. सकाळ लख्ख असते. दुपारनंतर घाटाकडून ढग चढतात आणि कडकडाटासह कोसळतात. त्याआधी तंबू उभा हवा.

जागा नीट बघ. सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावर, वारा मस्त लागतो, पण विजा चमकायला लागल्या की उघड्या सड्यावर थांबायचं नाही. व्हाळाकाठची (ओढ्याकाठची) सपाट वाळू तर मुळीच नको. पाऊस वर डोंगरात पडतो आणि तुझ्याकडे कोरडं असतानाच पाणी गढूळ होतं, पालापाचोळा वाहू लागतो. ते दिसलं की सामान आवरत बसू नकोस, आधी उंचावर जा. मला विचारशील तर ओळखीच्या कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) कडेचं मोकळं आवार उत्तम, मालकाला विचारून. माडाखाली मात्र नको, चुडत (झावळी) पडते. म्हादई अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरू नकोस.

खालची ताडपत्री तंबूबाहेर डोकावू देऊ नकोस, नाहीतर तिच्यावर साचलेलं पाणी थेट पाठीखाली येतं. जांभ्यात खुंट्या शिरत नाहीत, दोऱ्या मोठ्या दगडांना बांध. आणि नेमका कुठे जातोयस ते घरी सांग, तिकडे रेंज मिळेलच असं नाही.