वाचकांचे प्रश्न : नगराध्यक्षांची घोषणा आणि सभेचा ठराव

प्रश्न : आमच्या शहराच्या नगराध्यक्षांनी एका जाहीर कार्यक्रमात आमच्या पेठेतला नगरपालिकेचा मोकळा भूखंड एका संस्थेला तीस वर्षांसाठी देत असल्याचे सांगितले. या भूखंडावर सध्या मुले खेळतात. नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडून आलेले असल्याने त्यांचा शब्द अंतिम असतो, असे आम्हाला ऐकवले जाते. हे खरे आहे का?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : खरे नाही. नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडून आलेले असोत किंवा नगरसेवकांनी निवडलेले, नगरपरिषदेची स्थावर मालमत्ता कोणाला द्यायची हे त्यांना एकट्याने ठरवता येत नाही. निवडणुकीची ही पद्धत आपल्याकडे अनेकदा बदलली आहे. 2016 मध्ये थेट निवड आली, 2020 मध्ये ती रद्द झाली आणि 2022 मध्ये पुन्हा लागू झाली. मालमत्तेविषयीचे बंधन मात्र या फेरबदलांवर अवलंबून नाही.

महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, 1965 यातील कलम 92 आपण मुद्दाम वाचावे. राज्य शासनाच्या मंजुरीशिवाय नगरपरिषदेला आपली स्थावर मालमत्ता हस्तांतरित करता येत नाही, आणि तसा प्रस्ताव शासनाकडे पाठवताना त्यासोबत नगरसेवकांच्या एकूण संख्येच्या किमान दोन तृतीयांश बहुमताने सभेत संमत झालेला ठराव जोडावा लागतो. ‘एकूण संख्येच्या’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. समजा सभागृह 50 नगरसेवकांचे आहे, सभेला 40 जण हजर आहेत आणि त्यांपैकी 30 जणांनी बाजूने मत दिले. हजर असलेल्यांपैकी तीन चतुर्थांश बाजूने असल्याने ठराव मोठ्या बहुमताने झाला असे वाटेल, पण कायद्याच्या हिशेबाने 34 मते हवी होती, म्हणजे तो अपुराच ठरतो.

तीन वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याला या अटीतून सवलत आहे, परंतु भाडेपट्टा घेणाऱ्याला त्या जागेवर कायमस्वरूपी बांधकाम करता येत नाही. राज्याच्या नगरपरिषद प्रशासन संचालकांच्या परवानगीने नूतनीकरण झाले तरी अशा पट्ट्याची एकूण मुदत नऊ वर्षांपुढे जाऊ शकत नाही. आपण लिहिलेली तीस वर्षांची मुदत या सवलतीत कोणत्याही प्रकारे बसत नाही.

म्हणून पहिला प्रश्न हा की, ठराव झाला आहे का? माहितीच्या अधिकाराखाली 10 रुपये शुल्क भरून नगरपालिकेच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करा आणि सभेची नोटीस, विषयपत्रिका, ठरावाची प्रत व मतदानाची नोंद अशी चार कागदपत्रे नावानिशी मागा. ‘सदर जागेबाबत सर्व माहिती द्यावी’ असा मोघम अर्ज करू नका, त्याला उत्तरही मोघमच मिळते. तीस दिवसांत माहिती मिळाली नाही, तर प्रथम अपील करता येते.

प्रत हाती आली की ती शब्दन् शब्द वाचा. काही वर्षांपूर्वी एका नगरपालिकेच्या इतिवृत्तात मी असाच एक ठराव पाहिला होता. ‘ऐनवेळचा विषय, जागा संस्थेस देणे, सर्वानुमते मंजूर’ एवढी एकच ओळ होती. सूचक आणि अनुमोदक यांची नावे होती. पण जागा किती चौरस मीटर, मुदत किती, भाडे किती, बाजूने किती मते पडली, यांपैकी काहीही नव्हते. विषयपत्रिकेत विषयच नसेल, तर त्या पेठेतल्या माणसाने हरकत घ्यायची कधी आणि कशावर? सार्वजनिक जागेचा विषय ऐनवेळी घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ठराव बेकायदेशीर किंवा लोकहिताविरुद्ध आहे असे दिसले, तर कलम 308 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करावा. नगरपरिषदेच्या ठरावाची अंमलबजावणी लेखी आदेशाने स्थगित करण्याचा अधिकार त्यांना आहे. जे होऊ घातले आहे किंवा सुरू आहे तेही त्यांना थांबवता येत असल्यामुळे जागेवर कुंपण पडेपर्यंत वाट पाहू नये.

प्रश्न : महापौर शहराचे प्रथम नागरिक मानले जातात, मग महापालिकेच्या आदेशांवर सही मात्र आयुक्तांची का असते?
— एक वाचक, सांगली

उत्तर : सांगली, मिरज आणि कुपवाड यांची मिळून 1998 मध्ये महापालिका झाली, तेव्हापासून तिथे नगरपरिषदांचा नव्हे तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू आहे. या अधिनियमात कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे आहेत, आणि आयुक्तांची नेमणूक राज्य शासन करते. महापौर नगरसेवकांमधून अडीच वर्षांसाठी निवडले जातात आणि महासभेचे अध्यक्षस्थान भूषवतात. खर्चाच्या व ठेक्यांच्या मंजुरीत मोठा वाटा असतो तो 16 सदस्यांच्या स्थायी समितीचा.

याचा अर्थ सभागृह आयुक्तांपुढे हतबल आहे असा मात्र नाही. नगरसेवकांच्या एकूण संख्येच्या किमान पाच अष्टमांश सदस्यांनी महासभेत तसा ठराव केला, तर आयुक्तांना परत बोलावणे शासनावर बंधनकारक आहे. सांगलीच्या 78 सदस्यांच्या सभागृहात त्यासाठी 49 मते लागतील. हे बळ क्वचित वापरायचे आहे, पण ते आहे याचे भान सभागृहाने ठेवले तर आयुक्तांना विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे वेळेवर येतात.

प्रश्न : स्वीकृत नगरसेवकांना ठरावावर मत देता येते का?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : नाही. संविधानाच्या अनुच्छेद 243-आर प्रमाणे नगरप्रशासनाचे विशेष ज्ञान किंवा अनुभव असलेल्या व्यक्तींना सभागृहात घेता येते, त्यांना चर्चेत भाग घेता येतो, परंतु सभेत मतदान करता येत नाही. मतदानाच्या नोंदीत बाजूने मत देणाऱ्यांमध्ये स्वीकृत सदस्याचे नाव आढळले, तर त्या पानाची साक्षांकित प्रत घ्या आणि हा मुद्दा जिल्हाधिकाऱ्यांकडच्या अर्जात स्वतंत्र परिच्छेदात मांडा.