उत्तर: 'आत्ता भारी बोर्ड, पुढे भारी प्रोसेसर' हा बेत मी करून बसलोय

तुमची पोस्ट वाचली आणि पोटात गोळाच आला. घरी इंटेलचा चौथ्या पिढीचा आय5 प्रोसेसर, विंडोज 10 चा सपोर्ट ऑक्टोबर 2025 मध्ये संपला, हातात सत्तर हजार. बेत असा की आत्ता बोर्ड (म्हणजे मदरबोर्ड, ज्यावर प्रोसेसर बसतो) भारी घ्यायचा, प्रोसेसर साधा लावायचा आणि 'पुढची जनरेशन आली की फक्त प्रोसेसर बदलायचा'. शब्द न् शब्द माझा आहे हो. साल 2017, दिवस गुढीपाडवा.

पीसी कसा जोडायचा, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) किती वॉटचा, हे सांगत बसत नाही. तुमच्या पोस्टवरून ते तुम्हाला येतंय असं दिसतंय.

मी तेव्हा झेड270 चा बोर्ड घेतला, साडेबारा हजारांचा, आणि त्यावर बसवला बिचारा आय3-7100. हिशेब सरळ वाटत होता. त्याआधी सहावी आणि सातवी पिढी एकाच 1151 सॉकेटवर (बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा, 1151 पिनांची) आली होती. सहा कोअरची आठवी पिढी येणार ही कुजबुज सुरू होती. तीही 1151 वरच, असं सगळे लीकवाले सांगत होते. आणि गंमत म्हणजे ते खरं निघालं! ऑक्टोबर 2017 मध्ये आठवी पिढी आली, सॉकेटचं नाव 1151 च. माझं भाकीत शंभर टक्के बरोबर आणि तरी मी खड्ड्यात.

कारण पिना तेवढ्याच असल्या तरी त्यांचं काम बदललं होतं. वीज पुरवणाऱ्या पिना 128 वरून 146 झाल्या, राखीव पिना त्यात वापरल्या गेल्या, आणि प्रोसेसर चालणार फक्त 300 मालिकेच्या चिपसेटवर (बोर्डावरची मुख्य नियंत्रक चिप; माझा झेड270 होता 200 मालिकेचा). हे विक्रीच्या आधीच जाहीर झालं होतं. मी वाचलं नाही, चूक माझी. दिवाळीनंतर मी आय5-8400 आणला. दुकानदाराला विचारलं, तर तो म्हणाला, "1151 आहे ना? मग बसणारच." बसला की! खाचा त्याच, लिव्हर मऊसूत बंद झाली, पंखा फिरला. डिस्प्ले नाही. रॅम काढून घातली, सीमॉस बॅटरी (बोर्डाची सेटिंग्ज जपणारी) काढली, रात्री दोनपर्यंत तेच. आय3 परत लावला की लगेच चालू.

आता सर्व्हिस सेंटरबद्दल. ब्रँडचं नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. काउंटरवरच्या माणसाने एका वाक्यात सांगायला हवं होतं की साहेब, हा प्रोसेसर या बोर्डावर चालत नाही. त्याऐवजी "बायोस अपडेट करून बघू" (बायोस म्हणजे बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) म्हणून बोर्ड ठेवून घेतला. तीन आठवडे. मधे चार फेऱ्या, प्रत्येक वेळी टोकन, प्रत्येक वेळी "इंजिनिअर बाहेर गेलेत". मग बोर्ड परत, सोबत चिठ्ठी: दोष आढळला नाही. अर्थात आढळला नाही, बोर्डात दोष नव्हताच! मी पुन्हा गेलो तर या वेळी म्हणे सॉकेटमधल्या दोन पिना वाकल्यात, वॉरंटीत बसत नाही. माझ्या हातून वाकल्या की त्यांच्या, देव जाणे. माझ्याकडे फोटो नव्हता. (म्हणून सांगतो, सर्व्हिसला देण्याआधी त्यांच्या काउंटरवरच सॉकेटचा जवळून फोटो काढा, पावतीवर 'पिना व्यवस्थित' असं लिहून घ्या आणि सॉकेटची प्लास्टिकची टोपी फेकू नका. माझं एवढं एक ऐकलंत तरी पुरे.)

दुकानदाराने खोका उघडलाय म्हणून प्रोसेसर परत घेतला नाही. नवा बोर्ड घ्यावा, तर तेव्हा बाजारात आठव्या पिढीसाठी फक्त झेड370, तो पुन्हा महाग. स्वस्तातले बी360 आणि एच310 आले थेट एप्रिल 2018 मध्ये. तोवर माझा साडेसतरा हजारांचा प्रोसेसर देवघराच्या खालच्या खणात, उदबत्तीच्या पुड्यांशेजारी. पुढे काही हौशी लोकांनी बायोस बदलून, पिनांवर टेप चिकटवून तो जुन्या बोर्डांवर चालवून दाखवला म्हणे. माझ्यात तेवढी हिंमत उरली नव्हती. जुना बोर्ड पिना सरळ करून निम्म्या किमतीला गेला. आय3 भाच्याला दिला. 2021 मध्ये विंडोज 11 ची यादी आली, ती आठव्या पिढीपासून सुरू. म्हणजे भाच्याचा सातव्या पिढीचा आय3 यादीबाहेर, त्याच्या नशिबीही तेच.

म्हणून माझं ठाम मत, पटलं तर घ्या: पुढचा प्रोसेसर किती वेगवान असेल हा प्रश्न तुमच्यासाठी बिनकामाचा आहे. तो तुमच्या हातातल्या बोर्डावर चालेल का, एवढाच प्रश्न कामाचा. आणि त्याचं उत्तर सॉकेटच्या नावात नसतं. बोर्डाच्या पानावर चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी असते, तिच्यात असतं.

वेगाची भाकितं म्हणजे बाजारात तुरी. एकेकाळी पेंटियम 4 चं घराणं 10 गिगाहर्ट्झपर्यंत जाईल असं खुद्द इंटेल म्हणत होती. उष्णता आवरेना, आणि 2004 मध्ये 4 गिगाहर्ट्झचा सुद्धा रद्द झाला. इंटेलचं डेस्कटॉप 2015 पासून 2021 च्या नोव्हेंबरपर्यंत 14 नॅनोमीटर या चिप बनवायच्या एकाच तंत्रावर अडकलं, त्या काळातले रोडमॅप काढून बघा. इंटेलचा मिटिओर लेक हा प्रोसेसर सॉकेटवाल्या डेस्कटॉपवर आलाच नाही, 2023 मध्ये त्याच्या जागी जुन्याचीच डागडुजी 'चौदावी पिढी' म्हणून आली. आपल्याच पुण्यातलं उदाहरण घ्या. सी-डॅक या सरकारी संस्थेचा परम 8000 हा महासंगणक 1991 मध्ये ट्रान्सप्युटर नावाच्या चिपवर उभा राहिला, नंतरचा 8600 इंटेलच्या आय860 चिपवर. दोन्ही चिप त्या वेळी भविष्य वाटत होत्या, दोन्हींचा वंश खुंटला. तिथल्या लोकांना जे आधी दिसलं नाही ते मला-तुम्हाला यूट्यूबवरचे लीक बघून दिसणार?

एएमडीवाले (इंटेलच्या प्रतिस्पर्धी कंपनीचे चाहते) आता म्हणतील, आमच्याकडे असं नसतं. बऱ्याच अंशी खरं आहे. पण मे 2020 आठवा. एएमडीच्या बी450 बोर्डांवर त्यांची पुढची प्रोसेसर पिढी, झेन 3, चालणार नाही असं आधी जाहीर झालं, लोकांनी बोंब मारली, दोन आठवड्यांच्या आत निर्णय फिरला. 2022 मध्ये तर एएमडीच्या त्याहून जुन्या 300 मालिकेच्या बोर्डांनाही परवानगी मिळाली. शेवट गोड, पण त्या दोन आठवड्यांत कुणी घाबरून बोर्ड विकला असेल तर? एएम5 या सॉकेटला 2027 आणि पुढेही साथ देऊ असं एएमडीने म्हटलंय. सॉकेटला साथ म्हणजे तुमच्याच बोर्डाला साथ, असं मात्र धरून चालू नका. इंटेलच्या 1851 सॉकेटवर पुढे काय येईल यावर मी एक रुपयाही लावणार नाही.

मी तुमच्या जागी असतो तर (मी विक्रेता नाही, इंजिनिअरही नाही, फक्त हात पोळलेला माणूस आहे) बेत उलटा केला असता. एएम5, बोर्ड मध्यम बी650 चा, ज्यावर बायोस फ्लॅशबॅकचं बटण आहे, म्हणजे प्रोसेसर न लावताही पेनड्राइव्हवरून बायोस बदलता येतो. प्रोसेसर असा घ्यायचा की तो कधीच बदलला नाही तरी पाच वर्षं निभेल. पुढे काही बसलं तर वरची मलई. एएमडीच्या झेन 5 पिढीसाठी 16 टक्के सुधारणा सांगितली होती, ऑगस्ट 2024 मध्ये प्रत्यक्ष गेम खेळणाऱ्यांच्या हाती त्यातलं फार थोडं लागलं. म्हणजे एका पिढीसाठी थांबून मिळतं काय, तर फारसं काही नाही. उलट 2025 च्या शेवटी रॅमचे भाव असे भडकले की प्रोसेसरची वाट बघणाऱ्यांचं बजेट रॅमनेच खाल्लं. 2017 मध्येही रॅम अशीच चढली होती, तेव्हा मी 8 जीबीवर भागवलं.

गेम खेळत नसाल, नुसतं एक्सेल आणि मुलांचा अभ्यास असेल, तर वरचं सगळं विसरा. जुन्या आय5 ला एसएसडी लावा, लिनक्स टाका, वर्षभर ढकला. काही जण इथे मला यावरून हसतील, हसू देत.

दुकानात बिल घेताना बोर्ड आणि प्रोसेसर दोन्हींचे सीरियल नंबर जीएसटी बिलावर लिहून घ्या. "साहेब, व्हॉट्सॲपवर पाठवतो" चालवून घेऊ नका.

आणि जो बोर्ड डोक्यात आहे त्याचं पूर्ण नाव, रिव्हिजन नंबरसकट, इथे टाका. एकाच नावाच्या दोन रिव्हिजन असतात आणि बायोसच्या फायलीही वेगळ्या असू शकतात. रविवारी सकाळी मी यादी उघडून बघतो.