वाचकांचे प्रश्न : गाववार तक्ता परत का आला?

प्रश्न : मी मूत्रपिंडाच्या दीर्घकालीन विकारांवर पीएच.डी. करीत आहे. रुग्णनोंदी एका संस्थेच्या सुरक्षित संगणक-व्यवस्थेत आहेत. तेथे लॉगिन करून विश्लेषण करता येते. मात्र कोणतीही फाइल तपासणीशिवाय बाहेर नेता येत नाही. नावे, पत्ते आणि आधार क्रमांक नोंदींतून आधीच काढलेले आहेत. पाचपेक्षा लहान आकडाही मी झाकला होता. तरीही माझा गाववार तक्ता आणि एक आलेख तपासनिसांनी परत पाठवला. असे का? – एक संशोधक विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर : प्रबंधाची मुदत जवळ आली असताना काम असे अडले की त्रास होतो, हे मान्य आहे, पण आपल्या पत्रावरून पाहता तपासनिसांचा आक्षेप मला रास्त वाटतो. नाव काढले म्हणजे माणूस ओळखू येत नाही, हा समज अमेरिकेत 1990 च्या दशकातच खोटा ठरला. मॅसॅच्युसेट्समध्ये नावे वगळून संशोधनासाठी दिलेल्या आरोग्यनोंदी संशोधक लटान्या स्वीनी यांनी मतदारयादीशी ताडून पाहिल्या आणि केवळ जन्मतारीख, लिंग व पिनकोड यांच्या आधारे खुद्द राज्यपाल विल्यम वेल्ड यांची नोंद शोधून काढली. 2011 च्या जनगणनेनुसार संपूर्ण गोव्याचीच लोकसंख्या सुमारे साडेचौदा लाख होती. येथे डायलिसिससाठी बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात कोण जातो, हे वाड्यावर मतदारयादी न चाळताही ठाऊक असते. मग तक्त्यातून नवे काय कळणार, असे आपण विचाराल. एखाद्या गावातील तीन रुग्णांपैकी तिघांनाही हिपॅटायटिस-बी आहे असे आपल्या तक्त्यात दिसले, तर जे शेजाऱ्यांना आजवर माहीत नव्हते तेच त्यांच्या हाती पडते. म्हणूनच आकडा मोठा असला तरी ‘सर्वच्या सर्व’ किंवा ‘एकही नाही’ असे सांगणारा रकाना तपासनिसांना खटकतो.

आता झाकलेल्या आकड्याकडे वळू. समजा, तालुक्याची बेरीज 41 आहे आणि चार गावांचे आकडे 18, 14, 6 व 3 आहेत. आपण 3 झाकला, पण बेरीज तशीच ठेवली. पहिल्या तिघांची बेरीज 38 होते. ती 41 मधून वजा केली की झाकलेला 3 लगेच उघड होतो. यावर दोन उपाय आहेत. एक तर दुसऱ्या एखाद्या गावाचा आकडाही झाकावा, म्हणजे वजाबाकी करूनही दोघांची मिळून बेरीजच कळेल. किंवा बेरजेसह सर्व आकडे पाचाच्या पटीत आणावेत. दुसऱ्या पद्धतीत 20, 15, 5, 5 आणि बेरीज 40 असे लिहावे लागेल. रकान्यांची बेरीज 45 होते आणि तळाशी 40 दिसते. ही तफावत हेतुपुरस्सर आहे, असे तळटीपेत नोंदवा आणि ती दुरुस्त करण्याच्या मोहात पडू नका. माझा कौल मात्र लहान गावे एकत्र करण्याला आहे, कारण तीन रुग्णांच्या गावावरून काढलेला दर संशोधन म्हणूनही फारसा टिकत नाही. हीच वजाबाकी दोन तक्त्यांमध्येही होऊ शकते. मागील वर्षी एका गटाचे आकडे बाहेर नेले आणि यंदा त्यात दोनच रुग्णांची भर घालून पुन्हा नेले, तर दोन्ही तक्ते शेजारी ठेवताच त्या दोघांची माहिती मोकळी होते. म्हणून यापूर्वी काय काय बाहेर गेले आहे, त्याची नोंद अर्जासोबत जोडावी.

आलेख जगण्याच्या कालावधीचा, म्हणजे काळ सरतो तसे किती रुग्ण हयात उरतात हे पायऱ्यापायऱ्यांनी उतरणाऱ्या रेषेने दाखवणारा असावा, असे आपल्या विषयावरून वाटते. त्यातील प्रत्येक पायरी म्हणजे एक किंवा काही मृत्यू असतात आणि रेषेच्या शेपटाशी मोजकेच रुग्ण उरलेले असतात. तेथे पायरीवरून मृत्यूचा दिवस वाचता येतो. कालावधी महिन्यांऐवजी तिमाहीत मोजा आणि रुग्ण फार कमी उरतात तेथे रेषा थांबवा. फाइलचा प्रकारही पाहा. आर किंवा स्टाटा या सांख्यिकी प्रणालींमध्ये आलेख त्याच प्रणालीच्या स्वतःच्या स्वरूपात साठवला, तर चित्रामागचा डेटा फाइलसोबत जाऊ शकतो. एक्सेलच्या पिव्हट तक्त्यातही (मूळ नोंदींवरून सारांश काढणाऱ्या तक्त्यात) मूळ ओळी दडलेल्या राहतात. त्यामुळे आलेख साध्या चित्राच्या आणि तक्ता साध्या मजकुराच्या स्वरूपात द्यावा. प्रत्येक टक्केवारीखाली रुग्णसंख्या किती, हे तपासनिसांसाठी स्वतंत्र कागदावर लिहून दिले, तर फाइल पुन्हा परत येण्याची शक्यता बरीच कमी होईल.

प्रश्न : मार्गदर्शकांना दाखवण्यापुरता पडद्याचा फोटो मोबाइलवर काढला तर चालेल का? – एक वाचक, म्हापसा

उत्तर : नाही. फोटो काढणे किंवा आकडे वहीत उतरवून घेणे, हेही तपासणी चुकवून माहिती बाहेर नेणेच आहे. असे केल्यास आपला प्रवेश रद्द होऊ शकतो आणि त्याचा फटका संपूर्ण प्रकल्पाला बसू शकतो. मार्गदर्शकांच्या नावाने प्रकल्पात रीतसर प्रवेश मागा. मंजुरी मिळाल्यावर ते स्वतःच्या लॉगिनने तेच आकडे आतच पाहू शकतील.