वाचकांचे प्रश्न : शेरा डिलीट झाला तर?

प्रश्न : आमचा टीम लीड चॅटवर माझ्या दिसण्यावर शेरे मारतो आणि पाच मिनिटांत डिलीट करतो. तक्रार केली तर पुरावा कुठून आणू?

उत्तर : शेरा दिसला की आधी स्क्रीनशॉट घ्या, उत्तर द्यायचं की नाही ते मग ठरवा. त्यात पाठवणाऱ्याचं नाव, तारीख, वेळ, चॅनेलचं नाव आणि आधीचे चार-पाच मेसेज दिसायला हवेत. नुसता शेरा कापून दाखवला, तर ‘गमतीत चाललं होतं’ हा बचाव लगेच पुढे येतो.

डिलीट केलेला मेसेज कंपनीच्या सर्व्हरवर बरेचदा शिल्लक असतो, पण अनेक ठिकाणी ठरावीक मुदतीनंतर तो आपोआप पुसला जातो. म्हणून तक्रारीतच लिहा : ‘या तारखांचे मेसेज चौकशी संपेपर्यंत जपून ठेवावेत.’ ऑफिसचे मेल सरसकट स्वतःच्या मेलवर पाठवू नका. त्यात कोड किंवा ग्राहकाचा डेटा गेला, तर चौकशी तुमचीच सुरू होते. घरच्या वहीत मात्र त्याच दिवशी नोंद करा : तो नेमकं काय म्हणाला, कुठे, कोणासमोर, तुम्ही काय उत्तर दिलंत. फक्त ऑफिसच्या लॅपटॉपवर ठेवलेली नोंद अकाउंट बंद झालं की गेलीच.

तक्रार लेखी करा, शक्यतो एक-दोन पानांत. ‘तो वाईट माणूस आहे’ हे सिद्ध करता येत नाही; अमुक दिवशी अमुक वाक्य बोलला, हे येतं. एचआरशी फोनवर बोलणं झालं, तर तासाभरात ‘आज आपलं असं ठरलं’ असा मेल टाका. चौकशी चालू असेपर्यंत तुमचं मूल्यमापन त्या लीडकडे नसावं, हेही मागा. ही मागणी बहुतेकांकडून राहून जाते आणि पुढे रेटिंग घसरतं. आधीच्या मूल्यमापनात काय शेरे होते, ते तारखांसह टिपून ठेवा. सूड उगवला गेला, तर तो तिथेच दिसतो. तक्रारीला बहुधा मुदत असते, ती आजच कंपनीच्या धोरणात पाहा.

प्रश्न : मी मॅनेजर आहे. मूल्यमापन लिहिताना नकळत भेदभाव होतोय का, हे कसं ओळखू?

उत्तर : भाषाशास्त्रज्ञ किरन स्नायडर यांनी २०१४ मध्ये टेक कंपन्यांतली २४८ मूल्यमापनं तपासली. स्त्रियांच्या ९४ टीकात्मक मूल्यमापनांपैकी ७१ मध्ये स्वभावावर टीका होती. पुरुषांच्या ८३ पैकी फक्त २ मध्ये. ही मूल्यमापनं लोकांनी स्वेच्छेने दिलेली होती, त्यामुळे आकडे सगळ्या क्षेत्राला लावू नयेत. तरीही फरक डोळ्यांत भरणारा आहे.

तुमचा मजकूर घ्या आणि ‘आक्रमक’, ‘भावनिक’, ‘सूर सांभाळावा’ अशा शब्दांखाली रेघ मारा. प्रत्येकाजवळ कामातलं एक उदाहरण लिहिता येतंय का पाहा. येत नसेल तर वाक्य खोडा. मग तेच वाक्य टीममधल्या पुरुषाबद्दल लिहिलं असतं का, हे विचारा. निकष मात्र वर्षाच्या सुरुवातीलाच लेखी ठरवा, कारण माणूस समोर ठेवून ठरवलेले निकष त्याच्या मापाने बेतले जातात. आणि मीटिंगची टिपणं घेण्याचं काम पाळीपाळीने द्या. ते सतत एकाच मुलीकडे गेलं, तर चर्चेत तिचा आवाज कमी होतो आणि ‘पुढाकार घेत नाही’ हा शेराही तिलाच मिळतो.