कोळी स्मगलिंगमध्ये ओढले जातात ती आठ भागांची क्राइम मालिका बघण्यासारखी आहे का? कोळीवाड्यात खरंच असं चालतं का?

नका बघू. आणि मालिकेत दाखवलंय तसं नाही चालत. तिसऱ्या भागातला खाडीचा प्रसंग बघून नवी मुंबईतल्या दिवाळे आणि सारसोळे या कोळीवाड्यांत माणसं चिडलीत, त्याचं कारण सांगतो.

प्रसंग असा. अमावास्येची रात्र, बाराचा सुमार, ऐरोलीकडची खाडी. पूर्ण ओहोटी. होडी रुतलीय आणि नायक सोन्याने गच्च भरलेली सूटकेस एका हातात घेऊन चिखलातून पळतोय.

अमावास्येला रात्री बाराला ओहोटी नसते, उधाणाची भरती असते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे कोळ्याच्या शाळकरी पोरालाही येतं. अमावास्या म्हणजे 15, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. बंदरावर थोडं मागेपुढे होतं आणि पाणी वाशीचा पूल ओलांडून ऐरोलीपर्यंत चढायला आणखी उशीर लागतो. म्हणजे बाराला खाडी तुडुंब, पाणी तिवरांच्या आत शिरलेलं. ओहोटी संपणार पहाटे सहाच्या आसपास.

चोरटा माल उतरवणारा अमावास्या निवडेल तो अंधारासाठी तर खराच, पण या पाण्यासाठीही. होडी थेट तिवरांत घुसवता येते. मात्र घड्याळ लगेच सुरू होतं. भरती फिरल्यावर पहिल्या तासात पाणी जेमतेम हलतं, दुसऱ्यात वेग धरतं, तिसऱ्या-चौथ्यात धो धो उतरतं. फळ्यांच्या होडीखाली दोन-अडीच फूट पाणी लागतंच, म्हणजे दोन तासांत माल खाली आणि होडी बाहेर पाहिजे. चुकलात तर होडी चिखलात बसली, आणि पुढची भरती साडेबारा तासांनी, दुपारी. मालासकट होडी भरउन्हात, निवट्या (चिखलातले मासे) आणि चिंबोऱ्या धरायला आलेल्या सगळ्यांच्या नजरेसमोर. यापेक्षा जास्त जीव टांगणीला लावणारं काय पाहिजे होतं? हे फुकट मिळत होतं. त्यांनी पाठलाग टाकला.

आता ती सूटकेस. एक लिटर दुधाच्या पिशवीएवढ्या सोन्याचं वजन 19 किलोच्या वर भरतं. गच्च भरलेली सूटकेस म्हणजे कित्येक शे किलो, ती चार माणसांना हलणार नाही. खरी तस्करी व्हायची दहा तोळ्यांच्या बिस्किटांची, एक 116.64 ग्रॅमचं. कापडी जॅकेटच्या कप्प्यांत अशी 100 बसवली तर साडेअकरा किलोच्या वर जातं. तेवढं अंगावर घेऊन चिखलात माणूस गुडघ्याच्याही वर रुततो. पळणं सोडा, पाय उपसायला हातांनी मांडी धरावी लागते.

जाळ्यांचं तर बोलायलाच नको. नायक खोल समुद्रात ट्रॉलरवरून पाग, म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं, फेकतो. पाग कमरेएवढ्या पाण्यात, काठावरून किंवा छोट्या होडीतून फेकतात, बोय माशासाठी. त्याच्या घेराला शिशाचे मणी असतात, ते तळाला टेकले तरच मासा अडकतो. पंधरा वाव, म्हणजे नव्वदेक फूट पाण्यात पाग फेकून काय मिळणार? खाडीत डोल, म्हणजे लांब पिशवीसारखं जाळं, लावतात: खुंट्यांना बांधून, तोंड पाण्याच्या ओढीकडे करून. ओढ मंदावली की खोला, म्हणजे जाळ्याचं शेपूट, उचलून त्यातली जवळा-कोलीम ही बारीक कोळंबी रिकामी करायची, पाणी फिरलं की तोंडही फिरवायचं.

आणि कोळी ओढला जातो तो कशाने? मालिकेत बायकोला फ्लॅट हवा म्हणून. खरं दुखणं उचलीचं, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांचं आहे. ट्रॉलरच्या एका फेरीला दोन हजार लिटरच्या पुढे डिझेल, आठ-दहा टन बर्फ, खलाशांचं रेशन. पैसे दलाल देतो, बदल्यात मासळी त्यालाच घालायची, त्याच्याच भावाने. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंदी, त्या 61 दिवसांत उचल वाढत जाते. अशा नाखवाला, म्हणजे बोटीच्या मालकाला, कोणी म्हणालं, ‘फक्त चार ड्रम डिझेल उतरवून घे’, तर तिथे खरी गोष्ट सुरू होते. मालिकेत दलाल हे पात्रच नाही.

वर्दीतली माणसंही नाहीत. 1993 च्या स्फोटांआधी रायगडात दिघी आणि शेखाडीला माल उतरला, त्या खटल्यात कस्टम्सचे अधिकारी आणि पोलीसही दोषी ठरले. 2008 मध्ये 26/11 च्या अतिरेक्यांनी पळवलेल्या ‘कुबेर’ बोटीचा तांडेल (कप्तान) आणि चार खलाशी मारले गेले, आणि कफ परेडला उतरलेल्या त्या अनोळखी पोरांना हटकलं ते कोळ्यांनीच. रात्री कोणाची होडी निघाली ते आमच्याकडे इंजिनाच्या आवाजावरून घरात झोपलेल्या म्हातारीलाही कळतं. मालिकेत अख्खा वाडा वर्षभर बेखबर.

माझा मेहुणा मालिकांच्या सेटवर काम करतो. त्याचं कायमचं म्हणणं, ‘भरती-ओहोटी कोण तपासतं, दाजी?’ आम्ही तपासतो. आणि त्यांना चिखलच हवा होता तर शुद्ध अष्टमी घ्यायची. आठाची पाऊणपट सहा, म्हणजे बाराला ओहोटी, आणि चंद्रही मध्यरात्रीच्या सुमाराला मावळतो. अंधार आणि चिखल दोन्ही एका रात्रीत. फक्त अष्टमीला भांग, म्हणजे कमी चढउताराची भरती-ओहोटी असते, पाणी फार मागे हटत नाही, तेव्हा होडी काठाजवळच रुतवायची. पंचांग उघडायला पाच मिनिटं लागतात.

दोन गोष्टी मान्य करतो. बंदी यांत्रिक बोटींना असते, बिनइंजिनाच्या होड्यांना नाही, त्यामुळे जूनमध्ये होडी पाण्यात दाखवली ती चूक नाही. आणि कोळीवाड्यातलं कोणीच कधी यात पडलं नाही, असंही मी म्हणत नाही. पाचव्या भागात जाळं शिवणारी म्हातारी आहे. दोरा पायाच्या अंगठ्यात ताणून धरते, सुई न बघता आसातून, म्हणजे जाळ्याच्या भोकातून काढते, आणि ‘मला’ न म्हणता ‘मना’ म्हणते. बघायचंच असेल तर तेवढं बघा.