शाळेत नर्स आली आणि पट भरला

प्रश्न : लिलियन वाल्ड या नर्सच्या पुढाकाराने न्यूयॉर्कच्या शाळांत नर्स आल्या आणि मुलांची गैरहजेरी झपाट्याने घटली, असं वाचलं. डॉक्टर तर आधीपासूनच शाळा तपासत होते. मग नर्समुळे एवढा फरक कसा पडला?

उत्तर : डॉक्टर तपासत होते, पण उपचार कोणीच करत नव्हतं. १८९७ पासून ही तपासणी सुरू होती. उवा, खरूज, गजकर्ण किंवा डोळ्यांत खुपऱ्या दिसल्या की मुलाच्या हाती चिठ्ठी द्यायची आणि घरी धाडायचं. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड या गरीब वस्तीतली बहुतेक कुटुंबं परदेशातून आलेली. कित्येक आयांना ती चिठ्ठी वाचताही येत नसे. मूल घरी बसे आणि संध्याकाळी त्याच वर्गमित्रांबरोबर गल्लीत खेळे. आजार पसरायचा तो पसरेच, अभ्यास बुडे तो वेगळाच.

वाल्ड १८९३ पासून त्याच वस्तीत राहून घरोघरी शुश्रूषा करत होत्या, म्हणून खरी गोम त्यांच्या लक्षात आली. ऑक्टोबर १९०२ मध्ये त्यांच्या हेन्री स्ट्रीट सेटलमेंट या सेवाकेंद्रातल्या नर्स लीना रॉजर्स महिनाभराच्या प्रयोगासाठी चार शाळांत गेल्या. मुलं होती सुमारे १०,०००. किरकोळ त्रास असेल तर शाळेतच औषध लावून मुलाला वर्गात परत पाठवायचं. बाकीच्यांच्या घरी स्वतः जाऊन आईला सगळं हाताने करून दाखवायचं.

उवांचंच बघा. रॉकेल आणि ऑलिव्ह तेल समप्रमाणात घेऊन केस चिंब करायचे, दुसऱ्या दिवशी धुवायचे आणि लिखा सुटाव्यात म्हणून गरम व्हिनेगर वापरायचं. (हे त्या काळचं झालं. आज केसांना रॉकेल अजिबात लावू नका. ते पेट घेतं आणि त्वचाही भाजते.) लिखा केसाला घट्ट चिकटलेल्या असतात. त्या राहिल्या की आठ-दहा दिवसांत नव्या उवा. शिवाय एकाच अंथरुणात झोपणाऱ्या भावंडांची डोकी तपासली नाहीत, तर सगळी मेहनत वाया. चिठ्ठी हे सांगू शकत नव्हती. घरात शिरलेल्या नर्सला ते दिसत होतं.

सप्टेंबर १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या शाळांतून (फक्त त्या चार नव्हे) आजारामुळे घरी पाठवलेल्या मुलांची नोंद १०,५६७ होती. पुढच्या सप्टेंबरात ती १,१०१ वर आली. तोवर पालिकेने पगारी नर्स नेमल्या होत्या. आमच्या मते वाल्ड यांचं सर्वांत मोठं काम हेच.

प्रश्न : घरोघरच्या सेवेचा खर्च कोण करत असे?

उत्तर : देणगीदार आणि ज्यांना परवडेल ते रुग्ण, फी अगदी थोडी. १९०९ मध्ये वाल्ड यांनी मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीला पटवलं, की विमेदार आजारी पडल्यावर त्याच्या घरी नर्स पाठवणं कंपनीच्याही फायद्याचं आहे. तो जगला तर भरपाई द्यावी लागत नाही आणि हप्ते चालू राहतात. हा हिशेब कंपनीला पटला. तिची ही नर्स-सेवा पुढे १९५० च्या दशकापर्यंत चालली.