बांगडा सूड घेत नाहीये

पत्र असं आहे:

"ताई, आमचा बोका चार वर्षांचा, ऑपरेशन झालेला. पाठीवरच्या पट्ट्यांमुळे नाव ठेवलं बांगडा. आजवर कधी घरात घाण केली नाही. पण चवथीपासून त्याने लिटरचा, म्हणजे शी-शूच्या वाळूचा, टब सोडलाय. आधी ह्यांच्या गादीवर केली, मग धुवायच्या कपड्यांच्या ढिगावर. चवथीआधी घर रंगवलं, तेव्हा टब वसरीतून उचलून न्हाणीत वॉशिंग मशीनशेजारी ठेवला होता. पाच दिवस गणपती, घरात पंचवीस माणसं. वास येऊ नये म्हणून लॅव्हेंडरचं लिटर आणलं. हल्ली तो सारखा जाऊन बसतो, थेंबभर करतो आणि पोट चाटत राहतो. मी दिवसातून दोनदा फिनाईलने पुसते. सासूबाई म्हणतात, मेला सूड घेतोय, पोत्यात घालून मासळीबाजारात सोडून या. हे काही बोलत नाहीत, पण सोफ्यावर झोपतात. मी काय करू? – एक सून, डिचोली तालुका"

अगो बाय, तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तू गादी आणि सासूबाईंच्या गर्दीत कुठेतरी टाकून दिलंस. "सारखा जाऊन बसतो, थेंबभर करतो." हे वाचलं आणि उत्तर छापून येईपर्यंत थांबायचं नाही म्हणून मी तुला त्याच सकाळी फोन केला. इतर वाचकांसाठी तेच पुन्हा लिहिते. बोका कुंथतोय आणि लघवी होत नाहीये किंवा थेंब थेंब होतेय, तर त्याच दिवशी, शक्यतो त्याच तासाला डॉक्टर गाठायचा. बोक्याची मूत्रनळी फार अरुंद असते. बारीक खडे किंवा चिकट बुच अडकला की मूत्राशय फुगत जातं, रक्तात पोटॅशियम वाढतं आणि हृदय बंद पडू शकतं. पूर्ण अडलेला बोका एक-दोन दिवसांत जाऊ शकतो. ऑपरेशन झालेल्यालाही हे होतं.

मला हे पुस्तकातून कळलेलं नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी माझा बोका टबात बसून कुंथत होता आणि मी शहाणी, बद्धकोष्ठ झालं म्हणून त्याला कोमट दुधात तूप घालून चाटवत होते. दुसऱ्या दिवशी तो उलटी करून कपाटाखाली जाऊन बसला. बाहेर ओढला तर पोटात संत्र्याएवढा टणक गोळा हाताला लागला. नळी घालून मोकळा केला, चार दिवस दवाखान्यात ठेवला, वाचला. डॉक्टर मला रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

तू दुपारीच बांगड्याला घेऊन गेलीस. नळी अडलेली नाही, लघवीत खडे नाहीत, जंतू नाहीत, फक्त मूत्राशयाला सूज आहे, असं निघालं. दहा वर्षांच्या आतल्या मांजरांत हे पुष्कळदा दिसतं आणि त्याला सापडण्याजोगं दुसरं कारण नसतं. त्यामागे बहुतेकदा ताण असतो. म्हणून तुला अँटिबायोटिकऐवजी वेदनेवरचं औषध दिलं, ते बरोबर आहे. ते संपलं की घरातली आपली पॅरासिटामॉल मात्र देऊ नकोस. एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. आणि सूज उतरली तरी पुन्हा येऊ शकते, तेव्हा कुंथणं दिसलं की परत हाच नियम.

आता सूड. मांजराला राग येतो, भीती वाटते, दुखतं. पण "हे कपडे मालकाचे, आता दाखवतो" एवढा लांबचा हिशेब ते करत नाही. बांगड्याचा हिशेब फार साधा आहे. टबात बसलं की दुखतं, म्हणजे टबच दुखवतो. मग तो मऊ, द्रव शोषून घेणारी, चारी बाजूंनी नजर टाकता येईल अशी जागा शोधतो. तुझ्या घरात तशा जागा दोनच, गादी आणि कपड्यांचा ढीग. ह्यांच्यावर त्याचा काही राग नाही, हे त्यांना सोफ्यावरून उठवून सांग. तो हे भिंतीवर उभा राहून, शेपटी थरथरवत करत असता तर ती हद्दीची खूण मारणं झालं असतं, त्याची कारणं वेगळी. तुझा खाली बसून करतो.

तूही एकदा त्याच्या उंचीवरून बघ. भाद्रपद उजाडायच्या आधी घराला ऑइलपेंटचा वास. त्याचा वसरीतला कोपरा गेला. न्हाणीत टब ठेवला, तिथे कुणी ना कुणी आंघोळीला, आणि शेजारी मशीन. मशीन कपडे पिळायला लागलं की आपल्यालासुद्धा जिथे असू तिथून मान वळवून बघावंसं वाटतं; त्याच्या तर बरोबर कानाशी, आणि तेही पाय उचलून पळता येणार नाही अशा वेळी. डोक्यावर टांगलेली फळा-पानांची माटोळी, समोर मुलांची पळापळ, आरतीला वाजणारं घुमट, फटाके. त्यात पायाखालची वाळू बदलली आणि तिला अत्तराचा वास. लॅव्हेंडर आपल्या नाकासाठी आहे. मांजराचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण असतं, त्याला ते उग्र लागतं.

तेव्हा टब वसरीतल्या त्याच कोपऱ्यात परत ने. पाहुणे आले तर पाहुणे बघतील. जुनं बिनवासाचं, गोळा होणारं लिटर आण, दोन-अडीच इंच भर. टबाला झाकण असेल तर काढ. दुकानातले टब बहुतेक लहान असतात. बोक्याच्या नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंतच्या लांबीच्या दीडपट टब हवा. कपडे ठेवायचा मोठा प्लास्टिकचा डबा घेऊन त्याची एक बाजू कापलीस तरी चालेल, कापलेली कड मात्र घासून गुळगुळीत कर. आणि दुसरा टब ठेव. एका बोक्याला दोन कशाला, असं घरात विचारतील. मांजरं जितकी, त्याहून एक टब जास्त, हा जगभरचे डॉक्टर सांगतात तो हिशेब आहे. दुसरा सध्या झोपायच्या खोलीतच, गादीपासून थोड्या अंतरावर ठेव, कारण जागा तूर्त त्याने निवडलीय. महिनाभर नीट गेला की रोज वीतभर सरकवत बाहेर काढ.

आपल्याकडे पावसाळ्यात एक जास्तीची भानगड असते. हवेतली ओल शोषून लिटर चिखलासारखं होतं, गोळे धरत नाही आणि मांजर पाय झटकत बाहेर येतं. पिशवी उघडी ठेवू नकोस. तांदळाच्या डब्यासारख्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव. सकाळ-संध्याकाळ गोळे काढ. आठवड्याने सगळं फेकून टब साध्या साबणाने धू.

आणि फिनाईल आजच बंद. फिनॉलसारखी द्रव्यं पचवायची ताकद मांजराच्या यकृतात नसते. तू पुसतेस, तो त्यावर चालतो आणि मग पाय चाटतो. शिवाय वास आपल्यापुरता झाकला जातो, त्याला खालचा जुना वास येतच राहतो. ब्लीचही नको, लघवीवर पडलं की त्यातून घशाला झोंबणारा वायू निघतो. जुन्या टॉवेलने दाबून टिपून घे, चोळू नकोस. थंड पाण्याने पूस आणि पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळणारं एन्झाइमवालं क्लीनर भरपूर ओतून बाटलीवर लिहिलंय तेवढा वेळ मुरू दे. गादी ह्या हवेत दोन दिवसांत वाळणार नाही, हे गृहीत धर. बाळंतपणात वापरलेलं मेणकापड माळ्यावर असेलच, ते काढून चादरीखाली घाल. कपड्यांची टोपली झाकणाची घे.

त्याच्या पोटात पाणी जास्त जायला हवं. आपली गोव्याची मांजरं भात-मासळीवर वाढलेली, त्याचा फायदा घे. बिनमिठाचा उकडलेला मासा, त्याचंच पाणी वर ओतून. हुमणातला, म्हणजे माशाच्या आमटीतला, उरलेला तुकडा धुऊनही देऊ नकोस. कांदा-लसूण मांजराला बाधतो, त्याने त्यांच्या रक्तातल्या पेशी फुटतात. खारं तर नकोच.

आता सासूबाई. त्यांची बाजू मला कळते, बरं का. त्यांनी घरात मांजर पाळलं असेल ते उंदरांसाठी, आणि मागे माडा-पोफळींचं आख्खं कुळागर. मांजर माडाखाली माती उकरायचं, झाकायचं, कुणाला काही बघावं लागत नव्हतं. त्यांना पेटीतली वाळू विकत आणून त्यात मांजराला बसवणं हाच मुळात वेडेपणा वाटत असणार. तेव्हा "आई, तुम्हाला कळत नाही" ह्या वाटेने जाऊ नकोस. हवं तर सांग, मासळीबाजारात सोडलेला घरातला बोका उपाशी मरतो आणि तसं सोडून देणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पण त्यापेक्षा त्यांना एक काम दे. टबातले लघवीचे गोळे रोज मोजायचे आणि कालनिर्णयावर तारखेपुढे आकडा लिहायचा. निरोगी मांजराचे साधारण दोन ते चार असतात. अचानक लहान लहान आठ-दहा दिसले किंवा एकही दिसला नाही, तर ते आधी त्यांनाच कळेल. ज्या बाईने दुधाचा हिशेब आयुष्यभर भिंतीवर लिहिला, तिच्या नजरेतून हे सुटणार नाही. आणि आकडे लिहायला लागल्या की बोका "मेला" राहत नाही, हे मी माझ्याच घरात पाहिलंय.

त्याला मारू नका, त्याचं नाक त्या डागावर घासू नका. त्याला एवढंच कळतं की तुम्ही जवळ असताना करायचं नाही, मग तो कपाटामागे करेल आणि तुला आठवड्याने सापडेल.

दोन-तीन आठवडे लागतील. मध्ये एखादा दिवस पुन्हा गादीवर होईल, त्याने हबकून जाऊ नकोस. मेणकापड दिवाळीतली नरकासुराची रात्र उलटेपर्यंत काढायचं नाही. त्या रात्री डिचोलीत पहाटेपर्यंत स्पीकर वाजतात. बांगड्याला संध्याकाळीच आतल्या खोलीत ने, एक टब, पाणी आणि ह्यांचा एखादा जुना शर्ट ठेव, आणि दार लोटून घे.